ऐकून काढलेला चेहरा

ठाणे, आषाढ शु. ५, शके १७८०

ती. दादांचे चरणी गुणाजीचा शि. सा. न. वि. वि.

देवळाच्या भिंती रंगवून पोट भरत नाही, असे तुम्ही म्हणत होता. आता पलटणीच्या कप्तानानेच काम दिले. सध्या इथे त्याचाच हुकूम चालतो. उत्तरेकडच्या बंडातला कोणी पुढारी इकडे लपला आहे म्हणे. मी त्याला पाहिलेला नाही. एक शिपाई सांगत गेला, रुंद कपाळ, बाकदार नाक, डाव्या भुवईवर व्रण. मी काढत गेलो. दहा नकला करून घेतल्या. त्यांतली एक तुमच्या चावडीवर लागली असेल. हात कसा वाटला, कळवावे. शकूताईस व भावोजींस नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवावा.

कल्याण, आषाढ शु. ११

चि. गुणाजीस विश्रामचा आशीर्वाद.

कसे लिहावे सुचत नाही. काल बंदरावर शिपायांनी आपल्या शकूच्या यजमानांना, महिपतरावांना, धरले. तुझा कागद त्यांच्या तोंडाशी धरून पाहिला आणि बंदुकीच्या दस्त्याने मारले. कागद मीही पाहिला. गुणाजी, ते महिपतरावच आहेत. व्रण तेवढा त्यांना नव्हता. मारात भुवई फुटली, आता तोही आहे. आठ दिवसांत फाशी देतील म्हणतात. शकू विचारते, यांनी तुझे काय वाईट केले होते? काय सांगू तिला?

ठाणे, आषाढ शु. १४

ती. दादांस सा. न.

देवाशपथ, भावोजी मनात नव्हते. की होते? काहीच धड आठवत नाही. शिमग्याला त्यांना समोर बसवून चित्र काढले होते, ते हातात राहिले असेल काय?

कप्तानाला भेटलो. चित्र मनाचे आहे, म्हणालो. दुभाषी म्हणाला, साहेब म्हणतात, माणूस सापडला, म्हणजे चित्र खरे. मग त्याच वर्णनावरून तिथेच आणखी चार चेहरे काढून दाखवले, चारही निराळे. साहेबाने बराच वेळ पाहिले आणि भावोजींच्या सुटकेची चिठ्ठी दिली. पण ते चार कागद परत देईना. नकला करायला पाठवले. ते चेहरे कुणाचे, मला ठाऊक नाही. मी भावोजींना सोडवले की आणखी काही करून बसलो? रागावलात तरी मला आपला म्हणावे.

कल्याण, आषाढ व. ४

चि. गुणाजीस आशीर्वाद.

महिपतराव घरी आले. जेवू लागले आहेत. ते चार कागद काल चावडीवर लागले. आज त्यांतल्या एकावरून एका वाटसरूला नेले. मी त्याला ओळखत नाही. तूही ओळखत नसशील.

शकू म्हणते, त्यानेच सोडवले, त्याला बोलवा. मी महिपतरावांना विचारले. ते म्हणाले, येऊ दे, फक्त माझ्या तोंडाकडे पाहू नको म्हणावे.

तरी ये. तुझाच, विश्राम.