उन्हातले कोष

२२ मार्च, रविवार

आज म्हणे कुणी घराबाहेर पडायचं नाही. रेशमाच्या अळ्यांना कोण सांगणार! कोष करायच्या आधीचं शेवटचं वय चालू हाय त्यांचं, तुतीचा पाला टाकला की लगेच फस्त. सकाळपासून आमी दोघं नुसता पाला तोडून आणायलोय. मला पाचवा महिना, कंबर मोडून गेली.

टीव्हीवर सारखं हात धुवा, हात धुवा. आमी तर तीन वर्षं झाली, अळ्यांना रोग लागू नये म्हणून दारात चुना टाकून, हात धुऊनच त्यांच्या शेडमध्ये जातो. तवा शेजारची मालनबाई हसायची — "अळ्यांचं सोवळं पाळतीस व्हय गं!" आता हस म्हणावं.

२५ मार्च

सगळं बंद. बस, बाजार, पूर्णेचं कोषाचं मार्केट — सगळं! अळ्या मात्र आज जाळ्यांवर चढल्या. तोंडातून तार काढून स्वतःलाच गुंडाळून घ्यायल्यात. हे म्हणाले, "बघ, यांनीबी दार लावून घेतलं." हसू आलं.

२८ मार्च

ज्वारीच्या कणगीत वाकून बघितलं. हात तळाला टेकला.

ज्वारीचं रान मोडून तुती लावली त्या दिवशी सासूबाई बांधावर बसून रडल्या होत्या. "तुतीच्या भाकरी थापणार का गं?" तवापासून त्यांनी शेडची पायरी चढली नाही. गळ्यात तुळशीची माळ, मुंगीसुद्धा पदरानं बाजूला करणारी बाई. कोष आतल्या जिवासकट उकळत्या पाण्यात टाकतात हे कळलं अन् लग्नातलं रेशमी लुगडं पेटीत गेलं ते गेलंच.

या वेळचे कोष विकून वर्षाची ज्वारी भरायची असं आमचं ठरलं होतं. रेशनचा तांदूळ येणार म्हणे. भातानं माझंच पोट भरत नाही, पोटातल्याचं काय भरणार?

१ एप्रिल

कोष काढले. पांढरेशुभ्र, टणक! बोटानं दाबले तर दबत नाहीत. असा माल तीन वर्षांत आला नव्हता. नेमका आताच यायचा होता!

व्यापाऱ्याला, दत्ताशेठला, फोन लावला. "वहिनी, दोन दिवसांत गाडी पाठवतो." तेवढं चालतंय. आत पतंग तयार व्हायलाय. तो कोष फोडून बाहेर आला की तार तुटली, माल मातीमोल.

३ एप्रिल

गाडी नाही. हे दोन पोती मोटारसायकलवर बांधून निघाले. नाक्यावरून पोलिसांनी माघारी पाठवलं. पोती शेडमध्ये ठेवली अन् न जेवता आडवे झाले. लय राग आला. कुणाचा, तेच कळंना.

५ एप्रिल

दत्ताशेठ म्हणतो, "कडक उन्हात वाळवा. आतला जीव मरतो, कोष टिकतो. भाव कमी येईल, पण नंतर कवाही विकता येतील."

ऊन काय, परभणीत मागाल तेवढं! पण वाळवायचे कुणी? घरात बाई पोटुशी असली की तिनं अन् तिच्या नवऱ्यानं जीव मारायचा नाही. परवा साप निघाला तर हे काठी टाकून बाजूला झाले. आज म्हणाले, "माझा हात न्हाई धजायचा, राजेश्री."

मी बारावी सायन्स. मला नाही पटत असलं काही. अन् दर वेळी कोषातले जीव मरतातच की — कुठंतरी लांब, दुसऱ्याच्या हातानं. टोपलं उचललं. दारापर्यंत नेलं. एक कोष कानापाशी हलवला, आत खुळखुळ झालं. तेवढ्यात पोटात बाळ हललं.

टोपलं तिथंच ठेवलं. भ्याले मी! सासूबाई ओसरीवरून सगळं बघत होत्या. जेवताना त्यांनी त्यांची अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली.

६ एप्रिल

पहिला पतंग निघाला. ओला, मळकट. कोषाला भोक. त्याला उडताही येत नाही, नुसता पंख फडफडवत फिरायलाय.

हे भोकाचा कोष हातात घेऊन बसले. "गेलं," एवढंच म्हणाले. उद्यापासून सगळेच निघणार. खायचं काय आमी?

७ एप्रिल

उठायला उशीर झाला. बघते तर खुंटीला तुळशीची माळ. सासूबाईंची! मी या घरात आल्यापासून ती कधी गळ्यातून उतरलेली बघितली नव्हती.

अंगणात पळाले. ऊन मरणाचं तापलेलं. पत्र्यांवर सगळे कोष पसरलेले, अन् सासूबाई मोकळ्या गळ्यानं बसून एकेक पलटायल्यात.

"आत जा," माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "मला कुठं आता लेकरू व्हायचंय."