दादाच्या होडीचा हेडर

२८ जुलै, सोम.
दादाच्या होडीचा हेडर आला, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा बिडाचा नळ, भोवती गार पाण्याचा कप्पा. हर्णैहून एसटीच्या पार्सलनं, गोणपाटात गुंडाळून. ह्यांनी स्टँडवरून आणला, रहाटणीतल्या आमच्या घराचे जिने चढवताना घामाघूम. घरभर जळक्या तेलाचा वास. दादा फोनवर: "वंदे, तुझ्या कंपनीत हेच काम ना? बघ गो जरा. इंजिनात पाणी येतंय कुठूनतरी."
हेच काम. बोटींच्या इंजिनांचे हेडर गळतात का, ते तपासते मी चाकणला, लग्नाआधीपासून. आपल्या माणसाच्या होडीचा कधी हातात आला नव्हता.

३० जुलै, बुध.
कदमसाहेबांनी जेवणाच्या सुट्टीत टेस्ट करू दिली. भला माणूस. तोंडं प्लेटा-रबर लावून बंद केली, पाण्याच्या कप्प्यात हवा भरली, टाकीत बुडवला. बाहेरून एक बुडबुडा नाही. बरं वाटलं. मग हवेच्या दाबाचा काटा बघितला. उतरत होता. धुराच्या बाजूची प्लेट काढून परत बुडवला, तर आतून बुडबुडेच बुडबुडे.
आतली भिंत गेलीय. गार करायचं पाणी धुराच्या वाटेनं थेट इंजिनात. समुद्रात एकदा बंद पडलं तर...

१ ऑगस्ट, शुक्र.
वेल्डर शिंदेभाऊंनी जीव ओतला. एक भोक बुजलं, शेजारी दुसरं. ते बुजवलं, तिसरं. "खाऱ्या पाण्यानं बीड खाल्लंय ताई. वेल्ड धरणार कशाला?"
आमचा नवा हेडर ह्या जुन्या इंजिनाला बसत नाही. त्याचे पार्ट निघायचे बंद झालेत. साहेबांनी राजगुरुनगरकडच्या ओळखीच्या फाउंड्रीत विचारलं. नवा ओतून देतील, पण दिवाळी उजाडेल.
रॅकवर पास झालेले हेडर रांगेनं उभे. चकचकीत. बघवेना.

२ ऑगस्ट, शनि.
दादाला सांगितलं. कुठं, किती भोकं, सगळं विचारून घेतलं त्यानं. मग: "दिवाळीपर्यंत होडी ओढून ठेवू? खलाशी थांबतील होय? दुसऱ्याच्या होडीवर जातील." मी म्हटलं, हेडर पाठवणार नाही. फोन ठेवला त्यानं.
मग वहिनीचा फोन, हळू आवाजात. "नका हां पाठवू, वन्सं. मी सांगितलं म्हणू नका."

५ ऑगस्ट, मंगळ.
दादा स्वतःच आला न्यायला. धड जेवलाही नाही. मी दारात आडवी उभी राहिले. रडले, भांडले, पोरांकडं बघ म्हटलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.
"तुला भोक दिसतं. मला पण दिसतं, वंदे. मग?"
शेवटी मीच भोकं बुजवायची लोखंडी पुटी आणून दिली, कशी भरायची ते दाखवलं. तापून सुटणार, माहीत असून. ह्यांनी गोणपाट बांधून दिलं. राखी अजून आणलीच नव्हती.

१० ऑगस्ट, रवि.
काल समुद्राला नारळ दिला, आज पहाटे होड्या गेल्या. वहिनी सांगत होती, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, खलाशी टाळ्या पिटत होते. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१३ ऑगस्ट, बुध.
तिकडं वारा सुटलाय. दादाचा फोन रेंजच्या बाहेर. एवढ्या आत गेल्यावर लागत नाहीच, दर वर्षीचं आहे. तरी लावत बसले.

१४ ऑगस्ट, गुरु.
सेकंड शिफ्ट. चहाच्या सुट्टीत लिहितेय. वाऱ्यामुळं बंदरातल्या होड्या सकाळी परत आल्या. दादाची नाही. काल दुपारी एकांनी पाहिली होती, जाळं ओढत होते म्हणे. इंजिन चालू होतं का? विचारलं. त्यांच्या लक्षात नाही. आबा म्हणतात, "नांगर टाकून बसला असेल. माझा पोरगा हाय." माझे वडील असे मोठ्यानं कधी बोलत नाहीत. बंदरावरून तटरक्षक दलाला शोधायला कळवलंय.
ह्यांनी सुट्टी घे म्हटलं होतं. घरी बसून काय करू?
फोन एरवी लॉकरमध्ये. आज साहेबांनी टाकीशेजारी ठेवू दिला. मघाशी वाजला. हात ओलेच, तशीच धावले. ह्यांचा होता. काही कळलं का, विचारत होते.