काकीने घासलेला राजा

कामठा, जि. गोंदिया
२० मे २०२५

चि. प्रफुल्ल यास,

अल्काताईचा सप्रेम जयभीम, आणि वयाच्या अधिकाराने आशीर्वादही. तुझ्या पित्ताची मी सविस्तर चौकशी केली होती. उत्तरादाखल तू मोबाइलवर अंगठ्याचे पिवळे चित्र पाठवलेस. अभियंत्याने अंगठा उठवावा, हे मला शोभनीय वाटत नाही. येथे ऊन असह्य आहे, मी ठीक आहे, आणि पार्वताकाकी ठीक नाही. तिच्याविषयीच लिहीत आहे.

माझ्या निवृत्तीला तू राजा मिलिंदाचे चांदीचे नाणे दिले होतेस. (भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा तो ग्रीक राजा. हे तुला ठाऊक असावे, पण खात्री नाही.) तीन दिवस भिंगाखाली तपासून मी त्याच्या अस्सलपणाचा चार पानी दाखला तुला लिहून पाठवला. त्यात त्याच्या काळ्या झाकेवर पाऊण पान होते. माझ्या संग्रहातली बाकीची अठरा नाणी रोमन, तांब्याची, सामान्य. त्यांतल्या सम्राटांचे गाल आधी झिजले आहेत, कारण चेहऱ्यावर तोच भाग उंच असतो. कुणा अनोळखी माणसांनी बाजारात, घाईत, न पाहता ते झिजवले. मला त्या झिजेचेच प्रेम आहे. मिलिंदाच्या गालावर मात्र झीज जवळजवळ नव्हती, आणि ते मी त्याचे भाग्य समजले.

बुद्धपौर्णिमेला आमगावच्या विहारात नाण्यांचे प्रदर्शन व माझे व्याख्यान ठरले. विहाराचे सचिव भोजराज यांनी केलेल्या माहितीपाट्या मी सगळ्या फाडून पुन्हा लिहिल्या. आदल्या दुपारी मी त्यात गढले असता काकीने डबी उघडली आणि चिंच व चुलीतली राख घेऊन मिलिंद लख्ख घासून काढला. (रोमन सम्राटांना तिने हात लावला नाही; ते परके.) मी जाब विचारला, तर म्हणाली, “आपला राजा काऱ्या तोंडानं विहारात जाईन काय वं?”

ही काळी झाक म्हणजे दोन हजार वर्षांनी धातूवर केलेले लेखन असते, ते चिंचेने पुसायचे नसते, पुसल्यास परत मिळत नाही, असे मी तिला अर्धा तास सुनावले. ती मान खाली घालून ऐकत होती. (धानाच्या रोवणीची मजुरी करून आपल्या दोघांच्या फिया भरणारी बाई, हे मला त्या वेळी आठवले नाही.) मग मी भिंग घेतले. नाण्याच्या कडेने साच्याच्या दोन भागांचा सांधा स्पष्ट दिसत होता. जुनी नाणी हातोडा मारून उठवीत. हे ओतलेले होते. ती काळी झाक विक्रेत्याने तो सांधा लपवायला लावली होती.

विहारात मी एवढेच सांगितले, की स्वच्छतेमुळे मिलिंदाचे नाणे प्रदर्शनात ठेवण्याजोगे राहिले नाही. वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता, वाक्य खोटे होते. पहिल्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात काकी बसली होती. त्या दिवसापासून ती भांड्यांना हात लावत नाही. शेजारणींना सांगते, माझ्या हातून राजा गेला.

तुझी,
अल्काताई

ता. क. : आता मुद्दा. तू फोन करून काकीला सांग, की नाणे मुळातच बनावट होते आणि पुण्याच्या विक्रेत्याने तुला फसवले. माझ्या दाखल्याचा उल्लेख अनावश्यक आहे.

पुनश्च : वरील विनंती रद्द समज. पाकीट चिकटवण्यापूर्वी मी स्वतःच तिच्याजवळ जाऊन बसले आणि दाखल्यासकट सर्व सांगितले. तिने शांतपणे विचारले, “तुले त्याच दिशी मालूम होता?” मी हो म्हटले. “मंग मले आठ दिवस काऊन रडू देलीस?”

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही, आणि तिचे बरोबर आहे. तरी फोन अवश्य कर. टपालाला पाच दिवस लागतील, म्हणून या पानांचा फोटो पाठवत आहे. आज रात्री भाजी कोणती करू, एवढे तिला विचारून मला कळव. ती पलीकडच्या खोलीतच आहे.