तिसरी हाक

लोणावळा, १९ जुलै १९४३, सोमवार

पोचलो एकदाचा! पलटणींच्या गाड्यांना वाट देत देत आमची गाडी इतकी रखडली, की तळेगावाहून चालत निघालो असतो तरी लवकर आलो असतो. पण स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि शीण पळाला. अशी हवा, की गळा आपोआप मोकळा सुटावा. मला आणखी काय हवं?

ही नोकरी गळ्यानंच मिळवून दिली आहे. आमच्या हौशी नाटक मंडळीत अगदी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाणारा नट एकच, गंगाधर. अभिनयाबद्दल कोणी काही बोलत नसे, तो भाग निराळा. वलवणच्या वरच्या अंगाला लष्कराची नवी छावणी होते आहे. डोंगर पोखरून दारूगोळ्याची कोठारं खणताहेत. तिथं मजुरांची हजेरी पुकारायला कारकून हवा होता. गोऱ्या साहेबानं मला मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला उभं करून ओरडायला लावलं आणि कानात बोटं घालून हसला. झाली नेमणूक!

गाव छावणीच्या जिवावर फुगलंय. न्हाव्यानं इंग्रजी पाटी लावली आहे, अंडी महागली आहेत, आणि चिक्कीवाला सोजिरांशी ‘गुड, गुड’ करत दामदुप्पट भाव लावतो. मला फाटकाबाहेरच्या पत्र्याच्या चाळीत खोली मिळाली. शेजारी भांडारातले चिंतामणराव आणि त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई, दोघंही अगत्याचे. ही श्रावणात येईल. ही म्हणजे चंद्रिका. कागदावर नाव लिहायला हरकत नाही. मोठ्यानं घेतलं तर आई म्हणेल, पोरगं वाया गेलं.

२२ जुलै, गुरुवार

कामाचं गणित समजलं. सकाळी भोंगा होतो, मजूर मैदानात रांगा धरतात, मी नावं पुकारतो, ज्यानं त्यानं ‘हजर’ म्हणायचं. नावं मला दुसऱ्याच दिवशी पाठ झाली. कागद हातात धरतो तो केवळ रुबाबासाठी.

पण एक विचित्र खोड आहे या लोकांची. ‘गेणू!’ म्हणून पुकारलं, तर गेणू माझ्यासमोर इरलं पांघरून उभा, डोळ्यात डोळे घालून बघतोय, पण ओ देत नाही. पुन्हा पुकारलं, तरी मख्ख. तिसऱ्यांदा पुकारलं की ‘हजर, सायेब.’ सगळे तसेच. बाया सुद्धा. धुक्यात, पावसात, प्रत्येक नाव तीन तीनदा! साहेब घड्याळ दाखवून माझ्यावर डाफरला. अगोदरचा कारकून म्हणे मुकाट्यानं तीनदा पुकारायचा. मी त्यातला नाही.

२६ जुलै, सोमवार

आज हुकूम सोडला. पहिल्या हाकेला ओ नाही, तर खाडा. तीनदा ओरडायला मी काय बोहारीण आहे?

मुकादम अंबाजी दुपारी खोलीवर आला. पन्नाशीचा, रुंद खांद्याचा, एरवी विनोदी माणूस. आज उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, या खोऱ्यात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही, दुसरीला पण नाही. ‘ते दोनदाच हाक मारतं, सायेब. तिसरी हाक मानसाचीच.’ ते म्हणजे काय, असं मी विचारलं. त्यानं डोकं खाजवलं. ‘मला काय ठावं? बापानं सांगितलं, आमी पाळतो. म्होरलं कुनी सांगितलं न्हाई.’

मी खूप हसलो. म्हटलं, लढाईच्या दिवसांत भुतांनाही घाई असेल, ती आता एकदाच हाक मारत असतील. तो हसला नाही. खाड्याचं नाव काढलं तेव्हा मात्र मान खाली घालून गेला. घरी खाणारी तोंडं आहेत, करतो काय बिचारा.

३१ जुलै, शनिवार

फत्ते! पहिले दोन दिवस खाडे मांडले, तसे सगळे सुतासारखे सरळ आले. आता माझा शब्द पुरा होण्याआधी ‘हजर’ येतं. साहेबानं पाठ थोपटली. माणसाला कसलीही सवय लावता येते.

३ ऑगस्ट, मंगळवार

ही काल आली. खोलीला घरपण आलं. पत्र्यावरचा पाऊससुद्धा आता बरा वाटतो.

आज सरोजिनीबाईंनी हौसेनं हिची मंगळागौर केली. आम्हां पुरुषांना बाहेर काढलं होतं, पण मी पडवीत बसून कान देऊन होतो. उखाण्याचा आग्रह झाला तेव्हा ही किती वेळ नुसती खोकत होती. मग एका दमात म्हणाली:

गाडी चढते खंडाळ्याचा घाट, मागून इंजिन लोटतं,
गंगाधररावांचं नाव घ्यायला मला अवघड वाटतं.

बायका हसून लोळल्या. लग्नानंतर तिच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदाच ऐकलं. पडवीत एकटाच हसत बसलो. मी सुखी आहे, हे लिहून ठेवतो.

९ ऑगस्ट, सोमवार

आज काहीतरी चमत्कारिक घडलं. नीट लिहितो, म्हणजे माझं मला समजेल.

धुकं इतकं, की पहिल्या रांगेपलीकडं काही दिसत नव्हतं. नेहमीप्रमाणं सुरुवात केली. कोंडाजी झाला, भिमाजी झाला. पुढचं नाव गेणूचं. मी श्वास घेतला, आणि कोठारांसाठी खणलेल्या खाणीच्या बाजूनं हाक आली: ‘गेणूऽ!’ माझाच आवाज. शेवटचा स्वर लांबवायची माझीच लकब. गेणूनं ‘हजर’ म्हटलं. मग रांगेतून निघाला आणि हाकेच्या रोखानं धुक्यात गेला, कामावर जावं तसा.

मला वाटलं, डोंगराचा पडसाद. पण पडसाद हाकेच्या मागून येतो. मी अजून हाक मारलीच नव्हती.

संध्याकाळपर्यंत गेणू आला नाही.

११ ऑगस्ट, बुधवार

गेणूचं इरलं खाणीच्या तोंडाशी सापडलं, उलटं घालून ठेवलेलं. आत बोगदा सरळ आहे, पुढं कातळ. वाट नाही. आज कोंडाजी तसाच गेला. मी धावत जाऊन त्याचा दंड धरला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, ‘सोडा, सायेब बोलावत्यात.’ मीच साहेब, आणि मीच त्याला धरून उभा! हिसडा देऊन गेला.

गोरा साहेब म्हणतो, पळाले. नवी माणसं भरा.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

हुकूम मागे घेतला. सगळ्यांना हात जोडून सांगितलं, बाबांनो, तिसऱ्या हाकेलाच ओ द्या, खाडा मांडणार नाही. त्यांनी माना डोलावल्या. पण होत नाही! भिमाजीनं तोंडात पदराएवढं फडकं कोंबलं होतं, तरी आतून ‘हजर’ निघालंच. मीच लावलेली सवय ही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भिमाजीही गेला.

साहेबाला सगळं सांगितलं. तो म्हणाला की लढाई चालू आहे, काम सोडलंस तर तुरुंगात जाशील.

१६ ऑगस्ट, सोमवार

आजपासून तोंडानं पुकारत नाही, घंटा वाजवतो. उपयोग नाही. मी गप्प, आणि धुक्यातून माझा आवाज नावं घेतो, माझ्याच क्रमानं. अंबाजी कानात बोटं घालून उभा असतो. मला दोष देत नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

गेणूची बायको बयाबाई खडी वाहते. तिला आता गेणूचा आवाज येतो. गेलेला आपल्या माणसाला बोलावतो म्हणे. तिच्या बरोबरीची शालूबाई आणि दुसऱ्या बाया तिला आळीपाळीनं धरून बसतात.

१७ ऑगस्ट, मंगळवार

हिला सगळं सांगितलं. तळेगावला पाठवायची तर आठवडाभर रेल्वेत फक्त पलटणी, आणि पेट्रोल नाही म्हणून मोटारी बंद. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, अहो, त्याला फक्त तुम्ही पुकारलेली नावं ठाऊक आहेत ना? तुम्ही मला कधी नावानं हाक मारली आहे का?

खरंच की! ‘अगं’ खेरीज या तोंडून तिच्यासाठी शब्द निघालेला नाही. जुनी रीत उपयोगाला आली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

२० ऑगस्ट, शुक्रवार

बयाबाई गेली. बाया म्हणतात, हसत गेली. अंबाजी आज आला नाही. त्याचं घर उघडं आहे.

२१ ऑगस्ट, शनिवार

काय करून बसलो मी.

ही चाळीमागच्या नळावर गेली होती. मी दारातून बघत होतो. तिनं बादली खाली ठेवली, मान वाकडी करून उभी राहिली, आणि ओढ्याकडं चालू लागली. धुक्यात. सावकाश. ‘अगं’ म्हणायचं सुचलं नाही. असेल नसेल तेवढा आवाज काढून ओरडलो, ‘चंद्रिका!’

ती थांबली. वळली. ‘ओ’ म्हणाली, आणि लाजली. हातात अळूची पानं होती. ओढ्याकाठी अळू दिसलं म्हणून गेली होती. फक्त अळू. मला वड्या आवडतात म्हणून.

जवळ येऊन म्हणाली, किती छान हाक मारलीत.

आणि मग डोंगरावरून, शेवटचा स्वर लांबवून —

तिनंही ऐकली. मी तिच्या तोंडावर हात दाबून धरला. दुसरी हाक विरेपर्यंत दाबून धरला. तिच्या ओठांवर वळ उठला आहे.

२२ ऑगस्ट, रविवार

दार लावून बसलो आहोत. तिच्या कानांत कापूस. बाहेर माझा आवाज. तो आला की ती माझ्या तोंडाकडं बघते. मिटलेलं दिसलं की हसते. म्हणते, तुम्ही समोर आहात ना, मग मला कसली भीती.

मी बोलतच नाही आता. पाटीवर लिहून दाखवतो.

गाड्या परवा सुटणार. परवापर्यंत निभायला हवं. देवा, फक्त परवापर्यंत.

२३ ऑगस्ट, सोमवार

सकाळी शिपाई बंदूक घेऊन न्यायला आले. नवे मजूर आले होते, हजेरी हवी. हातापाया पडलो. ऐकेनात. सरोजिनीबाईंना खोलीत हिच्याजवळ बसवलं. पाटीवर लिहिलं — मी दारावर हाक मारणार नाही. थाप मारीन. तिनं मान हलवली.

घंटा वाजवली आणि पळत आलो.

दार उघडं. कापूस उंबऱ्यात.

सरोजिनीबाईंना रडू आवरत नाही. म्हणतात, तुम्हीच आलात हो. दारावर थाप मारलीत, तसा तिनं कापूस काढला. मग ‘चंद्रिका’ म्हणालात, दमल्यासारखे. तुमच्यासाठी अळूवड्या तळत होती. चूल तशीच टाकून ‘आले हं’ म्हणाली —

थाप मी शिकवली. पाटीवर लिहून. बाहेरून कोण वाचत —

खाण पालथी घातली. पुढं कातळ. हाका मारल्या. मीच मला ऐकू आलो.

त्याच दिवशी, दुपार

धुकं दारात आहे. चुलीवर तेल थंड झालंय.

मघाशी आवाज आला. आधी खोकली. मंगळागौरीला खोकली होती तशीच.

‘गंगाधरराव.’

तिचाच. अवघड वाटत नाही तिला आता.

ओ दिली नाही. दात आवळून लिहितो आहे. अंबाजी म्हणाला होता ते दोनदाच मारतं. तिसरी माणसाची. तिसरी आली तर ती खरी, जिवंत, वाट चुकलेली. तिसरीला ओ द्यायची. तिसरीपर्यंत थांबायचं —

दुसरी झाली.

थांबतो. तिसरी येईल. पायात काही नाही तिच्या, चप्पल इथं आहे. गार पडली असेल. तिसरी यायला हवी. आता. अजून नाही. दारात पाऊल — नाही, धुकं — तिला वाटेल मी ऐकलं नाही, तिला वाटेल मी मुद्दाम — तोंड उघडतंय, हात दाबून धरला तरी आतून ह —