उजवा खिसा

ट्रॉय, मिशिगन
२३ मार्च १९८६

प्रिय गुरू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तिकीट झालं, व्हिसा मिळाला, कॉलेजनेही रजा दिली, म्हणजे आता तू खरंच येतोयस तर! मला वाटत होतं, ऐन वेळी काहीतरी खुसपट काढून रद्द करशील. तुझा काय भरवसा! पापड-लोणच्यांचं ओझं आणू नकोस, इथे सगळं मिळतं. पोरीला, उत्तराला, गोष्टींची मराठी पुस्तकं आण. ती वाचणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी आण. आणि स्वतःसाठी लोकरीचे मोजे. एप्रिलअखेर इथे झाडं फुलतात, पण वारा हाडात शिरतो.

तू विचारलंयस की संक्रांतीला पाठवलेल्या कॅसेटमध्ये उत्तरा मधूनमधून लांबून काय ओरडत असते. बाबांनी म्हणे दोनदा मागे नेऊन ऐकलं. मी बोलतेय, राजीव तिळाच्या वड्या कशा बिघडल्या ते सांगतोय, आणि मागून कुठूनतरी सारखं, "मॉम, इट्स मी." मग दार उघडल्याचा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा तेच, जिन्यावरून. तू चेष्टेने लिहिलंयस, तुमच्याकडे पोरीला स्वतःच्या घरात शिरायलाही परवानगी लागते का म्हणून. मी ती कॅसेट ऐकून पाहिलीच नव्हती रे. ऐकली असती तर पाठवली नसती. तुला उत्तर देते, पण सगळं सुरुवातीपासून सांगावं लागेल. हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. त्यांना सांग, ताई मजेत आहे.

दीड वर्षापूर्वी माझी गाडी चोरीला गेली असं मी कळवलं होतं. ते अर्धंच खरं होतं. डेट्रॉइटच्या आमच्या क्लिनिकमागे पार्किंग आहे. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं. मी गाडीच्या दाराला किल्ली लावली आणि पाठीला काहीतरी गार टेकलं. मणक्याच्या डावीकडे, खांद्याच्या हाडाच्या खाली दोन बोटं. डॉक्टर आहे म्हणून जागा इतकी नेमकी सांगते. कोणीतरी अगदी शांतपणे, जवळजवळ अदबीने म्हणालं, भिंतीकडे तोंड कर आणि मागे वळू नकोस. मी वळले नाही. त्याने किल्ली घेतली, पर्स घेतली, गाडी सुरू केली, गाडी गेली. तरी मी वळले नाही. चाळीस मिनिटांनी वॉचमन आला तेव्हा मी भिंतीच्या विटा बघत तशीच उभी होते. त्या माणसाचं तोंड मी पाहिलंच नाही. त्यामुळे तो कोणीही असू शकतो. बँकेच्या रांगेत माझ्यामागे जो उभा असतो तो तोच असतो. लिफ्टमध्ये, भाजीच्या दुकानात, तोच. आणि पाठीवरची ती जागा अजून गार लागते. राजीवने हात ठेवून पाहिला, तो म्हणतो काही गारबिर नाही.

मग पिस्तूल घ्यायचं ठरलं. राजीवनेच सुचवलं, त्याच्या ऑफिसात निम्म्या लोकांकडे आहे. अंगावर बाळगायला इथे परवाना लागतो. तिघा साहेबांपुढे जाऊन कारण सांगावं लागलं, क्लिनिकचं पत्र दाखवावं लागलं. दुकान होतं एका बेकरीच्या शेजारी, आत पावाचा वास यायचा. दुकानदार सत्तरीचा, फार सभ्य. त्याने आधी माझा हात मागितला आणि आपला कासार बांगड्या भरताना दाबून बघतो ना, तसा तळवा दाबून पाहिला. पहिलं दाखवलं ते माझ्या हाताला फार मोठं. दुसरं चपटं, छान दिसायचं, पण त्याचा वरचा भाग मागे ओढायला माझ्या मनगटात जोर नाही. तिसरं होतं पाच गोळ्यांचं छोटंसं रिव्हॉल्व्हर, लाकडी मुठीचं. हातात घेतलं आणि गुरू, खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. फार आवडलं. जणू माझ्या मुठीचं माप घेऊनच कोणी ते घडवलं होतं. दुकानदार हसून म्हणाला, लोक आपण निवडलं असं म्हणतात, पण मी चाळीस वर्षं बघतोय, निवड तेच करतं. मी पण हसले.

ठेवायचं कुठे हा दुसरा प्रश्न. पर्समध्ये नको, पर्सच आधी हिसकावतात. कमरेला नको, मला दिवसभर पोरांना तपासायला वाकायचं असतं. शेवटी कोटाचा उजवा खिसा ठरला. क्लिनिकमध्ये पोचले की ते ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवायचं, निघताना पुन्हा खिशात. आठवड्यात खिशाचं अस्तर फाटलं. घट्ट कापड हवं म्हणून ट्रंक उपसली आणि भाऊबीजेला तू पाठवलेलं खणाचं कापड सापडलं, जांभळं, लाल काठाचं. रागावू नकोस. त्याचा खिसा शिवला. अजून एक टाका उसवलेला नाही.

पुढे पुढे त्याचं काही वाटेनासं झालं. सकाळी राजीव विचारायचा, डबा घेतलास? ते घेतलंस? मी हो म्हणायची. चालताना माझा हात खिशात असे, लाकूड गरम होऊन जाई. कोट काढला की मला डावीकडे झुकल्यासारखं व्हायचं. शनिवारी दुपारी सरावाला जायची. तिथला शिकवणारा म्हणायचा, विचार करू नका, विचार करायला वेळ मिळत नाही, हाताला शिकू द्या. माझा हात हुशार निघाला. तुला आठवतं, आई म्हणायची, सुमेधाच्या हाताला वळण आहे म्हणून.

आता पुढचं. गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी उत्तराला तुझ्या गमती सांगत होते. तू सात वर्षांचा असल्यापासून मागून येऊन माझे डोळे कसे झाकायचास, ओळख कोण म्हणून किनऱ्या आवाजात कसं विचारायचास, गधड्या, आणि माझ्या चष्म्याच्या काचांवर तुझ्या चिकट बोटांचे ठसे कसे उमटायचे. मी अमेरिकेला निघाले तेव्हा सांताक्रूझ विमानतळावर तू तेच केलंस. चांगला एकोणीस वर्षांचा घोडा होतास! ते ठसे मी लंडन येईपर्यंत पुसले नव्हते, हे तुला कधी सांगितलं नाही. उत्तराला ही गोष्ट इतकी आवडली की तिने पुन्हा सांगायला लावली.

दुसऱ्या दिवशी मी बाजार करून आले. गॅरेजमध्ये गाडीच्या डिकीतून पिशव्या काढत होते. ती फ्रीझरच्या मागे लपून बसली होती. मागून आली आणि तिने माझे डोळे झाकले.

मी काही ठरवलं नाही. घाबरलेसुद्धा नाही, तेवढा वेळच नव्हता. मी भानावर आले तेव्हा वळून उभी होते, संत्री उतारावरून रस्त्याकडे गडगडत चालली होती, आणि माझा हात तिच्या स्वेटरला टेकला होता. स्वेटरवर हरणाचं चित्र होतं. त्या हरणाच्या डोळ्यावर ती नळी होती आणि माझं बोट आत, चापावर होतं. चष्म्यावरच्या ठशांमधून ती मला पुसट दिसत होती. तिचे हात अजून तसेच वर, दोन्हींमध्ये माझ्या तोंडाएवढं अंतर. तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "मॉम, इट्स मी." हळू आवाजात, अगदी अदबीने.

तिने राजीवला सांगितलं नाही. मीही नाही. आम्ही दोघींनी संत्री गोळा केली. त्या दिवसापासून ती प्रत्येक दाराबाहेर आधी थांबते, म्हणते, मग आत येते. राजीवला वाटतं टीव्हीवरून काहीतरी उचललंय. अकरा वर्षांची पोर रे माझी!

त्याच संध्याकाळी मी ते पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली तांदळाच्या डब्यात पार तळाशी खुपसली. सोमवारी क्लिनिकला पोचले, कोटाच्या खिशात हात घातला, तर ते तिथे. गरम. बरोबर तांदळाचे चार-पाच दाणे. मला वाटलं राजीवने ठेवलं, पण तो पहाटेच गावाला गेला होता. पुन्हा कुलूप लावलं, पुन्हा तेच झालं. शेवटी उत्तराला विचारलं. ती म्हणाली, सकाळी तू किचनमध्ये होतीस, कोपरापर्यंत हात तांदळात घालून, काहीतरी गुणगुणत. मी तीन वेळा इट्स मी म्हटलं, तुला ऐकू आलं नाही. मग ती दारातून मागे फिरली, शाळेला तशीच गेली, डबा न घेता. मला यातलं काहीच आठवत नाही, गुरू. मी काय गुणगुणत होते तेवढं तरी तिला विचारायला हवं होतं, पण धीर झाला नाही.

विकून टाक म्हणशील. दोनदा त्या दुकानाच्या दारापर्यंत गेले. पावाचा वास आला, पाठीवरची ती जागा गार पडली, आणि परत आले.

मग जानेवारीत राजीवला विमानतळावर सोडायला गेले. तिथे गेटपर्यंत सोडायला जाता येतं, पण ती शिट्टी वाजवणारी चौकट ओलांडावी लागते. म्हणून ते गाडीत ठेवावंच लागलं. राजीवचं विमान गेल्यावर गर्दीत कोणीतरी मागून मला धडकलं. हात खिशात गेला आणि हाताला नुसतं खणाचं कापड लागलं. त्या माणसाने माफी मागितली, तो गेला. काही झालं नाही. कोणी मेलं नाही! मी तिथेच एका खुर्चीवर बसले आणि मोठमोठ्याने रडले. आता सरावाऐवजी दर शनिवारी तिथे जाते. लोकांकडे पाठ करून तासभर बसते. राजीवला वाटतं मी अजून सरावालाच जाते.

तर आता हे पत्र कशासाठी ते नीट वाच आणि पाठ कर. न्यूयॉर्कहून तुझं विमान शनिवारी, सव्वीस एप्रिलला, दुपारी सव्वातीनला इथे येईल. उतरलास की सामानाच्या मागे बाहेर पळू नकोस. गेटवरच थांब. मी आत येईन. एकदा बाहेर पडलो की पार्किंगमध्ये माझ्या पुढे चालायचं, आणि घरात महिनाभर उत्तरा करते तसंच करायचं, दाराबाहेरून नाव सांगायचं, हसू आलं तरी. सोमवारी आपण दोघं त्या बेकरीशेजारच्या दुकानात जाऊ. मी परत फिरायला लागले तर माझा उजवा हात धरून ठेव, मी काहीही बोलले तरी सोडू नकोस. पण ते सोमवारी. शनिवारी, त्या चौकटीच्या आत, मी गेटपाशी पाठमोरी उभी असेन. मला ओळखशील, केस पांढरे झालेत पण उंची तेवढीच आहे. मागून ये. हाक मारू नकोस, नाव सांगू नकोस. या देशात माझे डोळे झाकता येतील अशी तेवढी एकच जागा आहे. मी चष्मा काढून ठेवलेला असेल.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
ताई