ते आलं की ते आले

मी, कौशल्याबाई हिंमतराव वायाळ, वय वर्षे सहासष्ट, शिक्षण सातवी पास, धंदा पूर्वी कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगची मजुरी व पुढे त्याच कामाच्या बायांची मुकादमी, राहणार दुसरबीड, तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात, दिवसाउजेडी, चहा पिऊन, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवते. पुढच्या मंगळवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात भिण्यासारखं काही नाही, पण सह्या मात्र चार ठिकाणी घेतल्या.

माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांना मी म्हटलं होतं की, 'ठिकाणावर आहे पण गोंधळलेलं आहे' असं लिहा. त्यांनी नुसतं 'ठिकाणावर' लिहिलं. उरलेलं मी इथे लिहिते. गोंधळ माझ्या एकुलत्या एका लेकराबद्दल आहे. साडेतीन वर्षं ते घरी आलेलं नाही आणि त्याला कारण मी आहे. माझं जे काही आहे ते त्याला मिळावं, आणि देताना त्याला काय म्हणायचं हे चुकू नये, एवढ्यासाठी हा कागद.

कलम १. वारसाची ओळख

अर्जनवीस कादरभाई यांनी कच्चा मसुदा केला तेव्हा पहिल्याच ओळीत 'माझी मुलगी नामे अपेक्षा' असं लिहिलं. मी म्हटलं, खोडा. त्यांनी विचारलं, "मग मुलगा लिहू काय?" म्हटलं, तेही नको. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कौशल्याबाई, आता सरकारी फॉर्मात तिसरा खाना असतो. तृतीयपंथी लिहून देऊ?" मी म्हटलं, ते तर बिलकुलच नको, त्यावरून घरात वेगळं भांडण झालेलं आहे. "तो फिर लिखना क्या है, माय?"

बाकड्यावर एक रिटायर मास्तर प्रतिज्ञापत्रासाठी बसले होते. त्यांनी न विचारता सांगितलं, "सोपं आहे. नपुंसकलिंग लिहा. व्याकरणात तसंच म्हणतात." माझ्या हातात छत्री होती. ती मी उगारली, मारली नाही, हे कादरभाईंनी पाहिलेलं आहे.

मास्तर गेल्यावर कादरभाई बराच वेळ जुने दस्त चाळत होते. मग म्हणाले, "वारसाच्या कागदात एक शब्द चालते. अपत्य. पोरगं हाय का पोरगी, त्याले कोनी विचारत नाही." तो शब्द मी त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. तेव्हा लिहिते की, माझं एकुलतं एक अपत्य नामे प्रेम, शाळेच्या दाखल्यावरचं नाव अपेक्षा हिंमतराव वायाळ, जन्म दिनांक १४ मार्च १९९३, हल्ली मुक्काम पुणे, तिथल्या एका वाचनालयात नोकरी. ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. बाळंतपण माझं झालं आहे, यावर दुसऱ्या कोणाचा पुरावा लागू नये.

कलम २. शब्दाचा खुलासा

पुढे वाद नको म्हणून हे सविस्तर लिहिते. सन २०१८ च्या दिवाळीनंतर अपेक्षाचा (तेव्हा मी अपेक्षाच म्हणत होते) फोन आला. रेंज नव्हती, मी गच्चीवर उभी होते. "आई, मी नॉन-बायनरी हाय" असं ते म्हणालं. मला ऐकू आलं 'नॉन-बीटी'. आमचं आयुष्य कपाशीत गेलं. बीटीच्या पिशवीत एक छोटी पुडी वेगळी येते, ती नॉन-बीटी. शेताच्या कडेने लावायची असते. आमच्याकडे कोणी लावत नाही, बांधावर फेकून देतात. मी समजले की पोरीने पुण्यात नॉन-बीटी बियाण्याचं काम धरलं. म्हटलं, छान झालं, धीर सोडू नको. ते रडायला लागलं. म्हणालं, "आई, तू एवढ्या लवकर समजून घेशीन असं वाटलं नव्हतं."

आता मी तरी काय करू. त्याच्या आदल्या साली गुलाबी बोंडअळीने सगळ्यांची बोंडं पोखरली होती, बीटीचं नाव काढलं की माणसं शिव्या द्यायची. मी गावभर सांगितलं की आमची अपेक्षा नॉन-बीटीत आहे. सहा महिने सगळे माझ्याकडे चौकशी करत होते. शेजारचे पुंजाजी यांनी तर दोन पिशव्या सांगूनच ठेवल्या.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते घरी आलं. केस बारीक कापलेले, अंगात सदरा. पुंजाजी दारातच म्हणाले, "पिशव्या आनल्या काय वं, पोरी?" आधी त्याला कळेना, मग कळलं, मग ते ओसरीवर बसून इतकं हसलं की डोळ्यांतून पाणी आलं. हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. मग चुलीपाशी बसून त्याने मला नीट सांगितलं. "मी पोरगी नाही, आई. पोरगाही नाही." मी विचारलं, मग काय? "तेच तर सांगतो ना."

या 'सांगतो'चं मला काही वाटलं नाही. माझी आई जन्मभर 'मी जातो, मी येतो' असंच बोलली, आणि बोलताना माझ्याही तोंडी तेच येतं. पुण्याच्या होस्टेलात याच 'जातो'वरून मुली माझ्या लेकराला हसायच्या, म्हणून ते घासूनपुसून 'जाते' म्हणायला शिकलं होतं. आता परत 'जातो'वर आलं. यात वाईट काय ते मला कळलं नाही, आणि चांगलं काय तेही.

मला जे माहीत होतं ते मी त्याला सांगून पाहिलं. प्लॉटवर कंपनी नराच्या ओळी वेगळ्या आणि मादीच्या ओळी वेगळ्या लावायला लावते. पण कपाशीचं फूल मुळात दोन्ही असतं. संध्याकाळी आम्ही बाया मादीच्या ओळीतल्या कळीतलं नराचं केसर अंगठ्याच्या नखाने काढून टाकतो, खुणेला लाल कागद लावतो, तेव्हा ती कळी मादी ठरते. वीस वर्षं मी हेच केलं. हे सांगितल्यावर मला वाटलं, लेकरू खूश होईल. ते म्हणालं, "आई, मी सरकी नाही ना."

नाव का बदललं, हेही विचारलं. तीन वेळा कूस रिकामी झाल्यावर ते जन्मलं होतं, सगळ्यांना मुलगा हवा होता, म्हणून माझे मालक कै. हिंमतराव यांनी अपेक्षा ठेवलं. ते म्हणालं, "तुमची अपेक्षा मी काऊन वागवू?" मग म्हणालं, शाळेत 'लिंग ओळखा' हा प्रश्न यायचा, त्यात 'ते प्रेम' असं होतं, ते तेव्हापासून लक्षात राहिलं. म्हणजे सहावीपासून. सहावीत परकर पोलकं घालत नाही म्हणून मी त्याला मारलं होतं. ते आठवून मला चूल पेटवता येईना.

मला 'ते' म्हण, असं ते म्हणालं. मी विचारलं, "ते आलं का ते आले?" 'ते आले' म्हटलं की तहसीलदार आल्यासारखं वाटतं, 'ते आलं' म्हटलं की शेंबडं पोर. "म्हनून तर पाहाय एकदा," ते म्हणालं. "मंग ठरवू." या कागदात मी 'ते आलं' असं लिहिलं आहे. प्रेमला आवडलं नाही तर त्याने बदलावं. कादरभाईंना विचारायची गरज नाही.

कलम ३. दुसऱ्यांचा शब्द न घेण्याबाबत

त्या अखाजीला मी तिसऱ्या खान्याचं नाव काढल्यावर प्रेम का चिडलं, हे मला कळत नव्हतं. म्हणून गेल्या वर्षी बाजाराच्या दिवशी मी आशाबाईंनाच विचारलं. आशाबाई तृतीयपंथी आहेत, दर बाजाराला दुकानांवर येतात, माझ्या ओट्यावर पाणी पितात. त्या म्हणाल्या, "माय, आमच्यात गुरू करा लागते, घर सोडा लागते, मार खा लागते. फॉर्म भरून कोनी आमच्यातलं होत नाही. अन् आता शिकलेले लोकं नवेनवे शब्द आनून राह्यले. सरकार म्हन्ते तुम्ही सगळे एकच. मंग आमच्या वाटचं त्याईले जाईन, अन् त्याईच्या वाटच्या शिव्या आमाले येतीन."

मी म्हटलं, माझं लेकरूही तेच म्हणतं, दुसऱ्याचा शब्द मला नको. आशाबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तसं म्हन्ते? मंग शहानं हाय. पन आमची लाज वाटते म्हनून तर नको म्हनत नाही ना, हे इचारून घ्या." हे मी विचारू शकलेले नाही. प्रेमने या प्रश्नाचं उत्तर आशाबाईंना स्वतः भेटून द्यावं. हे मी सांगते आहे, जबरदस्ती नाही. दोघांत खरं कोण, हे मला ठरवता आलेलं नाही.

कलम ४. घर व जमीन

दुसरबीड येथील दोन खोल्या व ओसरी, आणि गट नंबर ११७ मधली दीड एकर. दोन्ही माझ्या नावावर, माझ्या कष्टाची, खरेदीखत लोखंडी पेटीत. घराच्या पूर्वेस रस्ता, दक्षिणेस पुंजाजी, उत्तरेस बोळ, पश्चिमेस दीर निवृत्ती वायाळ यांचं घर. त्यांच्या न्हाणीचं पाणी माझ्या भिंतीत मुरतं, पंधरा वर्षं 'पाइप टाकतो वहिनी' चालू आहे. घर व जमीन दोन्ही संपूर्ण मालकीहक्काने प्रेमला देते.

निवृत्तीभाऊजींनी असा कायदा काढला आहे की, जे स्वतःच मुलगी नाही म्हणतं त्याला मुलीचा हिस्सा कशाचा. मी मुलीला देतच नाही. मुलालाही देत नाही. अपत्याला देते. भाऊजींची शिडी माझ्या गोठ्यात आहे ती त्यांना परत द्यावी, आणि तिच्यावर चढून त्यांनी पाइप टाकावा.

जमिनीत काय पेरायचं ते प्रेमने बघावं. सोयाबीन, तूर, काहीही. कपाशी लावलीच तर पुडी फेकू नये.

कलम ५. किरकोळ वस्तू

हिंमतरावांचं पंक्चरचं सामान, म्हणजे टायर खोलायचे लिव्हर, हातपंप व पाण्याची परात, पुंजाजींना. त्यांना पिशव्या मिळाल्या नाहीत, निदान हे तरी मिळावं. माझं मंगळसूत्र मोडून प्रेमला हवं ते करून घ्यावं, किंवा काहीच न करता ठेवावं. नऊवारी चार पातळं गौसियाला. गौसिया माझ्या टोळीत अठरा वर्षं होती, तिच्याएवढा चपळ अंगठा मी पाहिला नाही. साडेतीन वर्षं प्रेमचे निरोप तिच्याच फोनवर येतात. माझ्या गोळ्या पुण्याहून कुरियरने येतात, पाकिटावर 'गौसियामावशी' असं नाव असतं, माझं नसतं. गोळ्या मात्र माझ्याच असतात.

कलम ६. शेवटचं

मला अग्नी प्रेमने द्यावा. 'मुलीने कसा द्यायचा' असं कोणी म्हटलं तर सांगावं की ते मुलगी नाही. 'मग मुलगा आहे का' असं म्हटलं तर सांगावं की नाही. तोवर लाकडं पेटलेली असतील. प्रेम आलं नाही तर गौसियाच्या घरच्यांनी द्यावा, निवृत्तीभाऊजींनी नाही.

कलम ७. मला न समजलेलं

हे सगळं लिहिलं म्हणून मला समजलं, असा अर्थ कोणी काढू नये. मला अजून समजलेलं नाही. कधी वाटतं हे पुण्याचं खूळ आहे. कधी वाटतं, सहावीतल्या पोराला कसलं खूळ. कधी झोपेतून उठते ती अपेक्षा म्हणून हाक मारतच. या कागदात सात ठिकाणी 'ती' लिहून खोडलं आहे, त्या खाडाखोडीवर माझी सही आहे. समजल्याशिवाय देता येत नाही असा काही नियम असेल तर तो मला मान्य नाही.

कलम ८. रद्द करणे

सन २०१६ मध्ये मी एक मृत्युपत्र केलं होतं, त्यात 'माझी मुलगी अपेक्षा' असं आहे. त्याची प्रत निवृत्तीभाऊजींकडे आहे. ते मी रद्द करते.

आणखी एक गोष्ट रद्द करायची आहे. सन २०१९, अखाजीच्या तिसऱ्या दिवशी, भाऊजींनी माझ्या अंगणात चार माणसं बोलावली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "वहिनी, पोरगी नाही म्हन्ते, पोरगा तं नाहीच. मंग हे हाय कोन तुमचं?" प्रेम माझ्याकडे बघत होतं. त्याने घर मागितलं नव्हतं, जमीन मागितली नव्हती. मी काय सांगते एवढंच ऐकायचं होतं त्याला. मला माणसांची लाज वाटली. मी म्हटलं, "मले काय इचारता? ते माहं कोनीच नाही."

'एकदा म्हणून पाहा' असं त्याने सांगितलेलं 'ते' मी पहिल्यांदा म्हटलं ते असं. त्याने पिशवी उचलली आणि ते साडेतीनच्या एसटीने गेलं. मी थांबवलं नाही.

हे वाक्य मी शुद्धीत बोलले होते आणि त्याला चार साक्षीदार होते. कादरभाई म्हणतात, बोललेलं वाक्य कागदाने रद्द होत नाही, तशी कायद्यात सोय नाही. मी म्हटलं, तरी शब्द सांगा. त्यांनी सांगितले, मी लिहिते: सदर वाक्य मी, कौशल्याबाई, पूर्णपणे मागे घेते. ते आजच्या तारखेपासून नव्हे, तर तोंडातून निघालं त्या घटकेपासून रद्द समजावे. प्रेम माझं आहे.

लिहून ठेवणार: कौशल्याबाई हिंमतराव वायाळ (सही)

साक्षीदार, आमच्यासमोर वाचून सही केली:
१. गौसिया शाकिर शेख, रा. दुसरबीड (सही)
२. पुंजाजी तुकाराम मेहेत्रे, रा. दुसरबीड (डाव्या हाताचा अंगठा)

मसुदा सांगणार व व्यवस्थापक: कादर खान, अर्जनवीस, सिंदखेडराजा (सही)

ठिकाण: दुसरबीड
दिनांक: ९ डिसेंबर २०२२