वळणावरचं घरटं

१२ मे, सोमवार

बर्फ पुरता वितळलाही नाही तोच बायकोने, हिल्क्काने, मला कामाला लावलं. वाफेने न्हायच्या सौनाच्या भट्टीवरचे दगड संपलेत म्हणे. सगळ्यांचा चुरा झालाय. पाणी टाकलं की वाफ येत नाही, नुसता खोकल्यासारखा आवाज येतो. जूनमध्ये युहान्नसच्या, म्हणजे मध्य-उन्हाळ्याच्या सणाला सासूबाई वृद्धाश्रमातून दोन दिवसांसाठी येणार आहेत. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना सौना मिळालेला नाही, तिकडे नळाखाली बसवतात. दिवंगत सासऱ्यांनी बांधलेल्या भट्टीसमोर एकदा बसायचंय, एवढंच मागणं. डॉक्टर म्हणाले, या वर्षी जमेल, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.

अर्ध्या दिवसाचं काम आहे. रविवारी आणतो म्हटलं. हिल्क्का 'बरं' म्हणाली. तिचं ते 'बरं' मला आवडत नाही.

१८ मे, रविवार

नदीवर जाऊन आलो. बर्फाचं पाणी ओसरलं की काठावर नवी खडी उघडी पडते. बाकीचे दगडवेडे जागे व्हायच्या आत ती बघावी लागते. दिवसभरात वाटाण्याएवढे थोडे गार्नेटचे खडे. एक जास्पर, लालभडक, ओला असताना फार सुंदर. घरी येईपर्यंत वाळला.

सौनाचे दगड राहिले. पिशवी भरली होती, कंबर धरली होती. माणसाने एका दिवशी एकच काम करावं, पण नीट करावं.

गॅरेजमध्ये आता पाय ठेवायला जागा नाही. गाडी बाहेर असते. तिला सवय झालीय.

२५ मे, रविवार

आजची तारीख लक्षात ठेवायची.

नदीच्या वळणावर, जुनी पायवाट संपते तिथे, शेवाळाखाली एक दगड. गोल. काळाकुट्ट. कोबीच्या गड्ड्याएवढा. हातात घेताच कळलं, हा साधा दगड नव्हे. अंडं आहे. डायनासोरचं.

खात्री करून घेतली. जीवाश्म जिभेला चिकटतो, कुठल्याही संग्राहकाला विचारा. लावली जीभ. चिकटली. जरा जास्तच चिकटली, कारण पहाटे दंव गोठलं होतं. सोडवताना हाल झाले. पण चिकटली, हे महत्त्वाचं.

हिल्क्काने विचारलं, सौनाचे दगड कुठेत. हातानेच सांगितलं की बोलता येत नाही. खरंच येत नव्हतं.

२८ मे

जीभ बरी आहे.

मेहुणा ताउनो येऊन अंडं बघून गेला. आमची कॉफी पिऊन आम्हालाच शिकवत होता. म्हणे आपल्या लॅपलँडचा खडक इतका म्हातारा, की तो झाला तेव्हा जगात हाड नावाची गोष्टच नव्हती. नंतरचं जे काही वर साचलं असेल ते हिमनद्यांनी खरवडून नेलं. ही सगळी पुस्तकातली वाक्यं. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी या वळणावरचं शेवाळ उचलून बघितलं होतं का? यावर त्याने आणखी एक कप ओतून घेतला.

जाताना म्हणाला, "दाजी, उबवायला बसणार असाल तर जाड विजार घाला."

या घरात संशोधनाची कदर नाही.

१ जून, रविवार

घरटं! अख्खं घरटं!

शेवाळ सोलत गेलो तर एकावर एक रचून ठेवलेली अंडी. सगळी काळी, सगळी साधारण एकाच मापाची. खाली मोठे चपटे दगड, चौकोनात मांडलेले. आई फार टापटिपीची असणार. अंड्यांवर काजळी आहे, बोटाला लागते. म्हणजे बिचारी आगीत गेली. ज्वालामुखी, दुसरं काय. बाजूलाच एका ओगराळ्याची गंजलेली दांडी सापडली. ती नंतर कुणीतरी टाकली असेल. लोक कुठेही कचरा करतात.

पाठीवरून खेपा घालून सगळं घरटं गॅरेजमध्ये आणलं. हिल्क्काच्या चांगल्या घोंगडीवर मांडलं. डासांनी मला सोलून काढलंय, खांद्यात जीव नाही. सौनाचे दगड आणायला ताकद कुठून आणू?

४ जून

संग्रहालयात फोन केला. दगडांच्या विभागातल्या बाईंना सगळं नीट सांगितलं. मग म्हणाल्या, सणानंतर मीच फोन करते. आवाज थरथरत होता. आनंदाने असणार.

हिल्क्का म्हणते, दुकानात सौनाचे दगड खोक्यात मिळतात, तेच घेऊन येते. माझ्या घरात विकतचे दगड? उभ्या गावात तोंड दाखवायला जागा राहील का? ठाम नाही म्हटलं. रविवारी मी स्वतः आणतो. ती म्हणाली, आई रोज फोन करून विचारते, भट्टी तयार आहे ना.

८ जून, रविवार

पाऊस.

१५ जून, रविवार

पाऊस नव्हता. पण होईल असं वाटत होतं.

१८ जून

युक्ती सुचली. गॅरेजमध्ये दगडच दगड असताना बाहेर कशाला जायचं? संग्रहातला पांढरा क्वार्ट्झ भट्टीवर रचला आणि चाचणीसाठी जाळ केला.

क्वार्ट्झ तापला की फुटतो. हे मला माहीत होतं, फक्त त्या वेळी आठवलं नाही. एक कपची बादलीतून आरपार गेली. चाचणी बघायला आलेला ताउनो तोवर बाकाखाली होता. तिथूनच त्याने माझं अभिनंदन केलं.

हिल्क्का आली. बादली उचलली, तिच्यातून माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. रात्रीचं जेवण माझं मीच वाढून घेतलं.

२१ जून, शनिवार

कालचं आज लिहितोय. काल पेन धरवलं नाही.

सासूबाई दुपारी आल्या. किती लहान झाल्यात. दुकानं सणाची बंद, भट्टीवर एक धड दगड नाही. त्यांना काय आणि कसं सांगायचं या विचारात मी गॅरेजच्या दारात उभा. त्या चाकाचा वॉकर ढकलत नेमक्या तिथेच आल्या आणि घोंगडीकडे बघत थांबल्या. एक अंडं मागितलं. हातात देताच नाकाशी नेलं, काजळीवर बोट फिरवलं.

"हे वळणावरचे," म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्यांचा तळ होता त्या वळणावर. लग्नाआधी सासूबाई तिथे स्वयंपाकाला होत्या. तिथे बिनधुराड्याचा सौना होता, आत सगळा धूर, दगडांवर ही एवढी काजळी. ती भट्टी रचली होती एइनोने, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी. तिथेच दोघांची गाठ पडली. मी घोंगडीकडे बघत राहिलो. चपटे दगड, चौकोन, ओगराळ्याची दांडी. कानशिलं तापली.

सासूबाईंनी माझा हात धरला. "जावईबापू, माझ्यासाठी तिथवर गेलात? एकेक दगड पाठीवरून आणलात? आणि ही हिल्क्का म्हणते, तुमच्या काही लक्षात राहत नाही."

ताउनोने तोंड उघडलं. हिल्क्काने त्याच्या पायावर पाय दिला आणि माझ्याकडे बघितलं.

"वाट जरा खराब होती," मी म्हणालो.

अंडी मी आणि ताउनोने भट्टीवर रचली. तो एकदाही हसला नाही, हे मला सहन होत नव्हतं. माय-लेकी आत गेल्या, मी बाहेर पायरीवर डासांत बसलो. पाणी पडल्याचा आवाज आला, आणि मग वाफेचा, लांबलचक, मऊ. अशी वाफ या भट्टीने कित्येक वर्षांत दिली नव्हती. मग सासूबाईंचा आवाज आला, लाडात आल्यासारखा. "एइनो, पुरे आता. कान भाजले माझे."

मला रडू आलं. डासांमुळे नव्हे.

२३ जून, सोमवार

सासूबाई काल गेल्या. त्यांना पोचवून आल्यावर भट्टी बघितली. जुनेच दगड, एका सौनात निम्मे तडकलेत. एक पूर्ण उकललाय. आत काही नाही. बाहेर होता तसाच दगड, आतपर्यंत.

जाण्याआधी एक अंडं त्यांनी पिशवीत घालून घेतलं. उशाशी ठेवणार म्हणाल्या. सगळ्यात गोल होतं ते.

संग्रहालयाच्या बाईंचा फोन आला. घरट्याचं काय झालं, विचारत होत्या. म्हटलं, मालकीण आली होती, तिला दिलं.

हिल्क्काने न मागता कॉफी आणून दिली. आईला फोनवर सांगत होती, हो गं, दगड आणायला स्वतःच गेले होते, मी आठवणसुद्धा करून दिली नव्हती.

पुढच्या युहान्नसला मात्र खरोखरच सासूबाईंसाठी दगड आणायचे. त्यांच्यासाठीच. रविवारी जातो.